कडूबाईंचा पंक्तिप्रपंच

"आई, या डब्यांना हात लावायचा न्हाई. सरांना दाखवायचेत. न्हाई जमलं तर माजं वर्ष गेलं!" फ्रिजमध्ये घरी कापलेल्या बोकडाच्या कलेजीचे दोन डबे ठेवत संगीताने बजावलं.

संगीता घाटनांदूरहून अंबाजोगाईच्या कॉलेजात जायची, आणि कॉलेजचा फ्रिज नेमका बंद पडला होता. थंडीत ठेवलेल्या यकृताच्या पेशी हळूहळू मरतात. अँटिऑक्सिडंट घातलं की तग धरतात, एवढं तिला सिद्ध करायचं होतं. म्हणून लाल डब्यात मिठाच्या पाण्यात ते औषध होतं, पांढऱ्यात नुसतंच मिठाचं पाणी.

"अन् ह्याला कावून न्हाई औषध?" पांढऱ्या डब्याकडे बोट दाखवत तिची आई कडूबाईंनी विचारलं.

"फरक दिसाया पायजे ना!"

कडूबाईंना काही हे पटलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडी भाकरी वाढली नव्हती. पोरीची पाठ वळताच त्यांनी बाटलीतलं उरलेलं औषध पांढऱ्या डब्यातही ओतलं. मग त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

दोन दिवसांनी कॉलेजात सुंदरराव सरांनी पेशींवर निळा रंग टाकला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, पण दोन्ही डब्यांतलं कुणी निळं व्हायला तयार होईना.

"दोन्ही ठणठणीत! तुझ्या औषधाचा उपयोग शून्य. विषय बदल."

संगीता रडवेली होऊन घरी आली. "आई, बिनऔषधाची कलेजीबी टवटवीत निगाली गं!"

"निगंलच की. मी तिलाबी औषध पाजलं," कडूबाई कौतुकाने म्हणाल्या.

संगीताने कपाळावर हात मारून सरांना फोन लावला. सर म्हणाले, "ठीक आहे. त्याच बोकडाची, तितकीच थंडीत राहिलेली, बिनऔषधाची कलेजी आण. आहे का?"

कुठली असणार! मटण भावकीत वाटून झालं होतं.

कडूबाई पदराशी चाळा करू लागल्या. "हाय," त्या पुटपुटल्या.

"काय हाय?"

"कलेजी. दुधाच्या पातेल्यामागं. तुज्या आबासाठी वाईच लपवून ठेवलती, मिठाच्या पाण्यात. मेंढरं घेऊन गेलेत, आल्यावर खातील म्हनलं."

"अन् तिला औषध?"

"तिला कोन औषध देतंय! ती खायची व्हती."

संगीताने वाटी बाहेर काढली. कलेजी पार काळवंडली होती, वासही येत होता. एवढी नासलेली वस्तू पाहून त्या घरात आजवर कुणाला इतका आनंद झाला नव्हता. तिने आईला मिठीच मारली.

कडूबाई मात्र कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. "सायबाला सांग, भावकीत बोलू नगा. वाटा मागाया आले तवा मी समद्यांना सांगितलं, सगळी कलेजी पोरीच्या अभ्यासाला गेली."

"मग गेलीच की आता!" संगीता म्हणाली.