अकराव्या मजल्यावरची आतली खोली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात उभं करा. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, एका बाजूला झोपायची खोली. झालं उभं? आता स्वयंपाकघराची भिंत काढून टाका. मग झोपायच्या खोलीची काढा. पलंग उचलून राहिलेल्या भिंतीत मिटवून टाका. जे उरलं ते सगळं अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवा. याला म्हणतात स्टुडिओ अपार्टमेंट. भिंती जितक्या कमी, तितकं नाव मोठं. आता डोळे उघडा, कारण पुढचं सगळं उघड्या डोळ्यांनीच बघायला हवं.

असं घर सोलापुरात, विजापूर रस्त्यावरच्या ‘क्लाऊड वन’ नावाच्या नव्या टॉवरमध्ये आदिनाथने भाड्याने घेतलं. आदिनाथ मोडनिंबचा. सौर पंप बसवणाऱ्या कंपनीत नोकरी, स्वभावाने सरळ, वय एकतीस. गावाकडे शेती होती, घर होतं, दारात दोन म्हशी होत्या. पण मुलगी द्यायला आलेले पाहुणे हल्ली म्हशींकडे बघतच नसत. “सोलापुरात राहायला कुठं?” एवढंच विचारत. आदिनाथ कॉट बेसिसवर राहत होता, म्हणजे खोली पाच जणांची आणि कॉट त्याची. हे कळलं की पाहुणे चहा अर्धा टाकून उठत.

म्हणून नातेपुत्याच्या रेश्माकडचे लोक ‘घर बघायला येतो’ म्हणाले, तेव्हा आदिनाथने तीन दिवसांत घर शोधलं. एजंट प्रभूने दार उघडून हात फिरवला.

“बघा साहेब. सगळं एका नजरेत.”

“बाकीचं?” आदिनाथने विचारलं.

“बाकीचं राहिलंच कुठं? म्हणून तर सांभाळायला सोपं.”

आदिनाथला रेश्मा आवडली होती. बघण्याच्या कार्यक्रमात तिने त्याला एकच प्रश्न विचारला होता, “पंप बंद पडला तर शेतकरी तुम्हाला शिव्या देतात का?” आणि तो “रोज” म्हणाल्यावर ती खळखळून हसली होती. ते हसणं हातचं जाऊ नये एवढीच त्याची धडपड होती.

रविवारी सकाळी मोडनिंबहून वडील भीमराव, आई मुक्ताबाई आणि नऊ वर्षांची भाची ईश्वरी येऊन थडकले. मुक्ताबाईंनी घर पाहिलं आणि पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या.

“आत कुटं जायचं?”

“आई, हेच आत.”

“मग भाईर कुटं हाय?”

“तेही हेच.”

मुक्ताबाईंनी पिशवी खाली ठेवली. “बरं. पोहं तरी हितंच करायचं ना, का खाली जाऊन?”

कॉटवरचा सगळा संसार, म्हणजे ट्रंक, मोजे, कुकर, चार्जरांच्या वायरी आणि ओली बनियन, आदिनाथने भिंतीतल्या पलंगावर टाकला आणि पलंग वर ढकलून मिटवला. बाहेरून बघणाऱ्याला ती दोन मुठी असलेली लाकडी भिंत वाटायची. ईश्वरीला लिफ्टची बटणं जमली होती, म्हणून पाहुण्यांना आणायला तिला गेटवर पाठवलं.

गेटवर पाहुण्यांची जीप थांबली. जीपमधून माणसं उतरू लागली, आणि उतरतच राहिली. घर बघायला चौघांनी जायचं असतं आणि अकरा जण जातात, ही आपल्याकडची रीतच आहे. वॉचमन पीरसाब मोबाइल पुढे धरून उभा राहिला.

“स्टुडिओला एका टायमाला चारच पाहुणे. ॲप पाचवा घेतच नाही.”

“आवं, आमी सोयरे हाय,” रेश्माचे चुलते तात्या म्हणाले. ते या पाहुण्यांचे पुढारी होते.

“ॲपमध्ये सोयरे नाहीत. डिलिव्हरी, मेडवाली, गेस्ट, इतर, एवढंच हाय. दुसरे चार वीस मिनटानंतर सोडतो.”

“आणि वर आदीच चार बसलेले असले तर?”

“वर किती बसले ते ॲप बघत नाही तात्या. ॲप फक्त गेट बघतं.”

“आणि ही पोरगी?”

“धा वर्साच्या खालचं माणूस मोजत नाही.”

ईश्वरीला हे अजिबात आवडलं नाही. पण बिनमोजता वरखाली करता येतं हे लक्षात आल्यावर तिने वाद घातला नाही. तात्या आणि आणखी तीन पुरुषांना तिने वर आणलं, दारापाशी सोडलं आणि ते वाकून चपला काढेपर्यंत ती उरलेल्यांसाठी परत लिफ्टमध्ये शिरली.

तात्या आत आले, खिडकीतून सोलापूर बघितलं, मान डोलावली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “झ्याक. आता बाकीच्या खोल्या दावा.”

आदिनाथने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण भीमराव आधी बोलून गेले. एकोणीस नकार ऐकलेल्या बापाची जीभ होती ती. त्यांनी लाकडी भिंतीकडे बोट केलं.

“ती काय, आतली खोली.”

“मग उगडा की.”

“आत नात अभ्यासाला बसलीय. आत्ता तुमास्नी घेऊन आली न्हवं का, तीच.”

तात्यांनी मागे वळून पाहिलं. पोरगी खरंच दिसत नव्हती. त्यांना एकदम भरून आलं.

“पाहुणे दारात आणि पोरगी अभ्यासात! असं वळण पायजे.” ते सोबतच्या तिघांकडे वळले. “हळू बोला रं. पोरीचं ध्यान मोडंल.”

मग पुढची वीस मिनिटं सगळी बोलणी कुजबुजत झाली. शेती किती, कुजबुजत. पगार किती, कुजबुजत. एका पाहुण्याला पोह्यातल्या मिरचीने ठसका लागला, तर तात्यांनी त्याचं तोंड दाबलं. मुक्ताबाई ओट्याशी उभ्या राहून झाऱ्याचा आवाज होऊ न देता पोहे ढवळत होत्या आणि भीमरावांकडे अशा बघत होत्या की ते पुन्हा त्या दिशेला वळलेच नाहीत.

वीस मिनिटांनी दार उघडलं. रेश्माच्या बायजाआत्या आणि आणखी तीन बायका आत आल्या. सर्वांच्या पुढे ईश्वरी होती.

“मामा, आता तीनच उरलेत खाली,” ती मोठ्याने म्हणाली.

कुजबुज थांबली. तात्यांनी ईश्वरीकडे पाहिलं. मग लाकडी भिंतीकडे.

“ही आत अभ्यास करत हुती न्हवं?”

भीमरावांना घाम फुटला. “व्हय की. त्या खोलीला... पलीकडनं पण दार हाय.”

“अकराव्या मजल्यावर पलीकडनं दार?” सोबतचा एक जण खिडकीतून खाली बघत म्हणाला. “पलीकडं तर वारं हाय निस्तं.”

एवढ्यात बायजाआत्यांनी पदर खोचला. “पुरुषांचं चालू द्या. आमास्नी आत बगायचंय. चला गं.” आणि चौघी लाकडी भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“आत्ता नको,” भीमराव म्हणाले. “आतनं कडी लागलीय.”

आत्या सावकाश वळल्या. साऱ्या नातेपुत्यात त्यांच्यापुढे खोटं बोलून सुटलेलं माणूस नव्हतं.

“पोरगी हितं हाय. पोराची आई ओट्याशी हाय. बाप माझ्याफुडं घाम पुसतोय. पोरगा त्यो काय. मग आतनं कडी लावली कुणी?”

आणि मग तात्यांच्या मनात तो विचार आला. माणसाच्या मनात असला विचार एकदा आला की तो सगळ्या खोलीला दिसतो. इथे तर खोलीही एकच होती.

“पावणं,” तात्या उभे राहिले. “खरं सांगा. पोराचं आदी लगीन झालंय?”

“आवं न्हाय वो!” मुक्ताबाईंच्या हातातला झारा पडला.

“मग ती आत कोण हाय?”

“कोणी नाही!” आदिनाथ ओरडला. “आत खोलीच नाही!”

“आत्ता खोलीबी न्हाय म्हणाया लागला,” आत्या इतर बायकांना म्हणाल्या. “लपवाया लागला की माणूस असंच बोलतंय.”

त्याच वेळी, तिघंच उरले म्हणून पीरसाबने वीस मिनिटं न थांबवता सोडलेले शेवटचे तीन जण दारात पोचले. दोन चुलतबहिणी, आणि मध्ये स्वतः रेश्मा. गेटवर उभं राहून तिचे पाय दुखले होते आणि ॲपवर तिच्या नावापुढे ‘इतर’ असं आलं होतं. ती आत पाऊल टाकते तोच बायजाआत्यांनी लाकडी भिंतीवर दोन थापा मारल्या.

“बाई गं, कोण असशील ती भाईर ये! तुजा काय दोष न्हाय. आमी तुला काय करत न्हाय!”

आणि दोन्ही मुठी धरून ओढल्या.

पलंगाला हळू उतरवणारा हवेचा पंप होता, त्यामुळे तो धाडकन पडला नाही. तो मोठ्या दिमाखात, सावकाश खाली येऊ लागला. तो एक वीत आला की पाहुणे एक पाऊल मागे सरत. तात्या खिडकीला लागले. बायका ओट्याला चिकटल्या. एक जण बाथरूममध्ये गेला. पलंग पूर्ण उघडला तेव्हा घर संपलं होतं आणि फक्त पलंग उरला होता. त्यावर ट्रंक, कुकर, मोजे, आणि सगळ्यांच्या मधोमध ओली बनियन.

आत्यांनी बनियनखालीसुद्धा बघितलं. बाई नव्हती.

रेश्माने पलंगाच्या कडेशी अडकलेल्या ईश्वरीला विचारलं, “खोल्या किती गं हितं?”

“एक,” ईश्वरी म्हणाली. “ती पण भाड्याची हाय, अकरा महिन्यांची. मामा म्हणाला, विचारलं तर मी सांगतो. पण तू मलाच विचारलंस.”

आदिनाथने मान खाली घातली. “खरं आहे. सांगणार होतो. सांगायच्या आधीच खोली तयार झाली.”

“चला,” तात्या म्हणाले. “एका खोलीची एवढी लपवाछपवी! असल्या घरात पोरगी द्यायची न्हाय.”

सगळे चपलांकडे निघाले. म्हणजे निघायचा प्रयत्न करू लागले. पलंगावरून गुडघ्यावर चालत जाण्यावाचून रस्ता नव्हता. तात्या अर्ध्या पलंगापर्यंत पोचले होते, तेवढ्यात रेश्मा म्हणाली, “थांबा जरा.” तिने सगळीकडे नजर फिरवली. फारशी फिरवावी लागली नाही. मग आदिनाथला म्हणाली, “पाहुणे आले, पुरुष माणसं बोलत बसली, तर बायकांनी हितं कुठं जायचं?”

आदिनाथने प्रामाणिकपणे विचार केला. “जायला जागाच नाही. इथंच बसायला लागेल. सगळ्यांच्यात.”

“आणि सगळं ऐकायला लागेल?”

“हो. बोलावंही लागेल. दुसरं काय करणार?”

रेश्माने ओठ दाबून धरले. सव्वीस वर्षांत घरात महत्त्वाचं बोलणं निघालं की तिला ‘आत जा’ म्हणून सांगितलं गेलं होतं. तिच्या लग्नाची बोलणीसुद्धा तिने पडद्यामागून ऐकली होती.

“तात्या, मला यांच्याशी बोलायचंय.”

“बोल की,” तात्या पलंगावरून म्हणाले.

“दोघांनाच.”

आता आली का पंचाईत! लग्नाआधी मुलामुलीला जरा बोलू द्यावं हे सगळ्यांना मान्य होतं. पण त्यासाठी त्या दोघांना आत पाठवतात आणि थोरली माणसं बाहेर बसतात. इथे आत नव्हतं. आत्या म्हणाल्या, गॅलरीत उभं करा. गॅलरीत एसीचं यंत्र होतं. तात्या म्हणाले, बाथरूम. बाथरूममधल्या पाहुण्याने ‘न्हाय वो, जागा न्हाय’ असं आतूनच कळवलं. शेवटी ईश्वरीने मुख्य दार सताड उघडलं आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाली, “मग तुमीच चला की भाईर.”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बोलणी चालू असताना, तात्यांना घराबाहेर जावं लागलं. त्यांच्यामागे आत्या, बायका, पुरुष, भीमराव, हातात झारा घेतलेल्या मुक्ताबाई. अकराव्या मजल्याच्या गुळगुळीत कॉरिडॉरमध्ये सगळे भिंतीला टेकून ओळीने उभे राहिले. दोन मिनिटांत लिफ्टमधून पीरसाब अवतरला.

“कॅमेऱ्यात दिसलं. मीटिंग क्लबहाऊसमध्ये घ्यायची असती साहेब, हितं परवानगी नाही.”

“मीटिंग आत चाललीया,” तात्या खचलेल्या आवाजात म्हणाले. “आमास्नी भाईर काडलंय.”

पीरसाबला तीन पोरी होत्या. त्याने दाराकडे पाहिलं, मोबाइल खिशात ठेवला आणि तोही भिंतीला टेकला.

पाच मिनिटं झाली. आतून आधी रेश्माचा चढा आवाज आला. मग आदिनाथचा पडलेला. मग काहीच नाही. भीमरावांनी डोळे मिटून घेतले.

“म्या खोटं बोललो,” ते पुटपुटले, “आणि नकार पोराला.”

तेवढ्यात दार बोटभर उघडलं. फटीतून रेश्माचा चेहरा दिसला. सगळी ओळ ताठ झाली. पण तिने ईश्वरीलाच बोलावलं.

“चहाची पावडर कुठं ठेवलीय गं? हे मघापासून शोधतायत, यांना सापडत नाही.”

ईश्वरी आत गेली. दार लागलं. आत डबा उघडल्याचा आवाज आला, आणि लगेच मागून खळखळून हसल्याचा. ईश्वरी बाहेर आली तशी तेरा माणसं तिच्यावर वाकली.

“काय म्हणाली? व्हय का न्हाय?” तात्यांनी विचारलं.

“चिडलीय का अजून?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“आधण मामानं ठेवलंय,” ईश्वरी म्हणाली. “कप दोनच काढलेत.”

“अगं, पर बोलली काय?” बायजाआत्यांनी कान दाराला लावायला मान पुढे केली.

ईश्वरीने दार मागे ओढून घट्ट लावलं, त्याला पाठ टेकून फरशीवर मांडी घातली आणि थोरल्या माणसांना सांगितलं की आता हळू बोला, आत महत्त्वाचं बोलणं चाललंय.