सामान्य माणूस पाहिजे (एक पद)

कर्करोग हा कुणासाठी थांबणारा आजार नाही. म्हणूनच त्यावरच्या संशोधनाने तरी घाई करू नये, दोघांपैकी कुणीतरी डोके शांत ठेवायला हवे, असे प्रोत्साहन निधीचे पहिल्यापासूनचे मत आहे. निधीचे पूर्ण नाव 'उदयोन्मुख कर्करोग संशोधक व शल्यचिकित्सक प्रोत्साहन निधी' असे आहे. ते दारावरच्या पाटीत मावले नाही, त्यामुळे पाटीवर 'उदयोन्मुख कर्करोग' एवढेच लिहिलेले आहे. त्या मजल्यावर सहसा कुणी लिफ्ट थांबवत नाही, आणि गंभीर कामाला लागणारी शांतता कार्यालयाला फुकटात मिळते.

उदयोन्मुख कुणाला म्हणावे, याचाही निधीने सखोल विचार केलेला आहे. कायम नोकरी लागल्यापासून सात वर्षे माणूस उदयोन्मुख राहतो. आठव्या वर्षी तो एकतर उगवलेला असतो किंवा मावळलेला, आणि दोन्ही परिस्थितींत त्याला प्रोत्साहनाची गरज उरत नाही. (कायम नोकरी कशी लागते? कुठलातरी निधी मिळवून दाखवला की लागते. हा प्रश्न निधीच्या कक्षेत येत नाही.) सर्जन मंडळींना आणखी दोन दाखले जोडावे लागतात. एक, आठवड्यातले दोन दिवस इस्पितळ त्यांना शस्त्रक्रियेतून मोकळे ठेवील असा. आणि दुसरा, त्यामुळे एकही शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाणार नाही असा. दोन्हींवर एकाच साहेबांची सही चालते.

या गोष्टीतल्या सर्जनबाई सातव्या वर्षात होत्या. इस्पितळात त्यांना सगळे कडेबाई म्हणत. हे आडनाव नव्हे. छातीतली गाठ काढताना सर्जन तिच्याभोवतीचा थोडा चांगला भागही काढतो, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग पोचलेला नसला तर गाठ पुरती निघाली असे मानतात. बाई जेवताना, जिना चढताना, लिफ्टची वाट बघताना याच कडेबद्दल बोलत, म्हणून हे नाव पडले. कड स्वच्छ आहे की नाही, हे प्रयोगशाळेतून कळायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर पेशंट घरी जाऊन टाके सुकवत बसलेली असते. मग तिला पुन्हा बोलावून समोर बसवायचे आणि सांगायचे, "थोडं राहिलंय. परत आत जावं लागेल."

हे वाक्य बाईंनी आजवर पुष्कळदा उच्चारले होते. एकदा एका शाळामास्तरणीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तेव्हा दिसलं नाही का हो?" खरेच दिसले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी ध्यास घेतला. भौतिकशास्त्रातल्या एका मैत्रिणीच्या मागे लागून त्यांनी एक दिवा तयार करवला. त्याच्या उजेडात, प्रयोगशाळेतल्या तुकड्यांवर तरी, राहिलेला रोग वेगळा चमकून दिसे. आता तो खऱ्या शस्त्रक्रियेत चालतो का, हे बघायला एक तंत्रज्ञ, थोडी यंत्रसामग्री आणि दोन वर्षे हवी होती. या वर्षी निधी मिळाला नाही तर दिवा कपाटात जाणार होता, आणि बाईंनी ते वाक्य निवृत्तीपर्यंत म्हणत राहायचे होते.

निधीच्या अर्जात एकूण चौदा कलमे आहेत. पहिल्या आठांत संशोधनाची माहिती असते. ती कुणी वाचत नाही, कारण समितीवर सगळे तज्ज्ञ आहेत आणि तज्ज्ञाला शीर्षकावरूनच पुढचे कळते. खरी कसोटी नवव्या कलमाची : 'सामान्य माणसाला समजेल असा सारांश'. यामागचा विचार उदात्त आहे. पैसा सामान्य माणसाचा, रोगही बहुधा त्यालाच होतो, तेव्हा मधे काय चालले आहे हे त्याला कळायलाच हवे. सुरुवातीला सामान्य माणसाला काय समजेल हे समितीच ठरवत असे, पण त्यावरून खडाजंगी होऊ लागली. एक सदस्य आपल्या ड्रायव्हरचा दाखला देत, दुसरे आपल्या मेव्हण्याचा. (मेव्हणे न्यायाधीश होते, परंतु सदस्यांचे म्हणणे असे की त्यांना घरात कधीच काही समजलेले नाही.) अखेर हा वाद कायमचा मिटवण्यासाठी निधीने एक पद निर्माण केले : सामान्य माणूस, मानधनावर.

जाहिरातीला अर्ज भरपूर आले. छाननीत असे आढळले, की असली जाहिरात वाचून, समजून घेऊन, मुदतीच्या आत तीन प्रतींत अर्ज करणारा माणूस सामान्य असूच शकत नाही. सगळे अपात्र ठरले. मग एके दिवशी एक गृहस्थ पाण्याच्या बिलाची तक्रार घेऊन चुकून त्या मजल्यावर आले. खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिले. "साहेब जेवायला गेलेत," असे सांगितल्यावर मान डोलावून बाकावर जाऊन बसले. साहेब त्या दिवशी रजेवर आहेत हे तिसऱ्या तासाला कळले, तेव्हा "बरं," म्हणाले. समितीने त्यांना बाकावरच नेमून टाकले. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उमर गेलेले हे गृहस्थ लवकरच सगळ्यांचे काका झाले. बिलाचे पुढे काय झाले ते कळले नाही.

काकांचे काम सोपे होते. सारांश वाचायचा आणि दोनपैकी एक शिक्का मारायचा : 'समजले' किंवा 'समजले नाही'. अडचण एवढीच झाली, की माणूस वर्षानुवर्षे कर्करोगाचे सारांश वाचत बसला तर त्याला कर्करोग थोडाबहुत समजू लागतो, ही शक्यता नियम करताना कुणाच्या ध्यानात आली नव्हती. एकदा चहा पिता पिता काकांनी एका सदस्यांना सहज विचारले, "पण यात तुलनेला दुसरा गट कुठाय?" सदस्यांचे बिस्किट चहात पडले. दुसऱ्याच आठवड्यात परिपत्रक निघाले, की सामान्य माणसाच्या सामान्यपणाची दरवर्षी तपासणी होईल, आणि त्यात घट आढळल्यास पद रिक्त समजण्यात येईल.

आता काका सामान्य होते, भोळे नव्हते. खुर्ची मऊ होती, पंखा बरोबर डोक्यावर होता, चहा दोनदा येत होता, आणि घरी काकू "आमचे हे कॅन्सरच्या कमिटीवर असतात" असे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होत्या. त्यांनी विषाची परीक्षा घ्यायची नाही असे ठरवले. त्या दिवसापासून त्यांना काहीही समजेनासे झाले.

निधीच्या अहवालात या काळाला सुवर्णकाळ म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. सलग तीन वर्षे एकही अर्ज नवव्या कलमापलीकडे गेला नाही. ठळक बाबी अशा :

निधीचा अपव्यय : शून्य.
अर्धवट राहिलेले प्रकल्प : शून्य. (पूर्वी दहातले सात.)
निधीच्या संशोधनाबद्दल रुग्णांच्या तक्रारी : शून्य.
'अर्ज कसा लिहावा' या विषयावरील कार्यशाळा : एकोणीस, भोजनासह.

याबद्दल निधीला आर्थिक शिस्तीची ढालही मिळाली. ती काकांच्या टेबलावर ठेवलेली आहे, कारण भिंतीला खिळा नव्हता.

कडेबाईंचा अर्ज या सुवर्णकाळातलाच. पहिल्या वर्षी त्यांनी दोनशे शब्द लिहिले, शिक्का आला. दुसऱ्या वर्षी त्या कार्यशाळेला गेल्या. तिथे सांगितले, की सामान्य माणसाला घरगुती उदाहरण द्यावे. म्हणून त्यांनी 'पेशी', 'परीघ' असले सगळे शब्द उपटून काढले आणि भिंत रंगवताना राहून गेलेल्या जागेचे उदाहरण दिले. शिक्क्यासोबत या वेळी शेराही आला : 'कोणती भिंत?' तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षी सारा सारांश एका वाक्यावर आला. गाठ काढून झाली की टाके घालायच्या आधी तिथे खास उजेड टाकायचा. काही राहिले असेल तर ते चमकते.

हे वाक्य त्यांनी आधी घरी आत्याला वाचून दाखवले. आत्या शर्टाची बटणे लावत होती, म्हणजे सुईने. तिने मानही वर केली नाही.

"बरोबर आहे की. आवरायच्या आधी दिवा लावून बघायचं, काही सांडलंय का. यात न समजण्यासारखं काय आहे?"

"त्या काकांना समजत नाही गं."

"एवढं समजून घ्यायचे पैसे मिळतात त्याला?"

"न समजायचे मिळतात," बाई म्हणाल्या.

आत्याने दोरा दाताने तोडला आणि अशी नोकरी आपल्या नवऱ्याला कशी कुणी दिली नाही, याची हळहळ व्यक्त केली. बाईंना हसू आले. मग त्यांनी ते वाक्य अर्जात स्वच्छ अक्षरात उतरवले.

या वर्षी निधीने मोठ्या मनाने मुलाखतीचीही सोय केली होती. अर्जदाराने सारांश सामान्य माणसापुढे तोंडी सांगायचा. मुलाखतीच्या दिवशी सकाळी बाईंनी दोन शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्यानंतर बसवर कंडक्टर असलेल्या एका बाईला समोर बसवून 'थोडं राहिलंय' हे नेहमीचे वाक्य सांगितले. कंडक्टरबाईने "किती दिवसांची रजा टाकू?" एवढेच विचारले आणि पदराने चेहरा पुसला. तिथून कडेबाई तशाच निघाल्या. लांब टेबल, झाकणे ठेवलेले पाण्याचे ग्लास, पाच तज्ज्ञ, आणि टोकाला शिक्के घेऊन काका. बाईंनी सारांशाचे वाक्य सांगितले.

"समजलं नाही," काका बिस्किटांच्या बशीकडे बघत म्हणाले.

बाईंनी पुन्हा सांगितले, सावकाश. काकांना पुन्हा समजले नाही. तिसऱ्यांदा सांगताना बाईंच्या डोळ्यांपुढे कंडक्टरबाईचा पदर होता, आणि त्यांची जीभ घसरली. "म्हणजे असं, की उजेड टाकला की चांगला भाग चमकतो, आणि मग आपण—"

"चांगला कसा चमकेल?" काका उसळले. "राहिलेली गाठ चमकते! चांगला भाग चमकला तर तुम्ही कापाल काय, डोंबल?"

काकांनी तोंडावर हात ठेवला, पण तोवर उशीर झाला होता.

"तुम्हाला समजलंय," बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"पहिल्याच वर्षी समजलं होतं हो," काका पडेल आवाजात म्हणाले. "चांगलं लिहिलं होतंत. भिंतीचं तर फारच झकास होतं. मी घरी हिला वाचून दाखवलं."

बाईंना आधी संताप आला. तीन वर्षे! या तीन वर्षांत त्यांनी किती जणींना समोर बसवले होते. मग त्यांना रडू फुटले, आणि ते पुसता पुसता विलक्षण आनंद झाला, कारण काही झाले तरी त्या माणसाला समजले होते. "मग मारा ना शिक्का," त्या म्हणाल्या.

"मारतो," काका म्हणाले, आणि या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला न विचारता काहीतरी केले. त्यांनी 'समजले'चा शिक्का उचलला. तीन वर्षे न वापरल्याने तो खडखडीत वाळला होता. त्यांनी त्यावर दोनदा हाः केले, कागदावर दाबून धरला. काही उमटले नाही. तिसऱ्यांदा हाः करणार, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवले.

समितीने तिथल्या तिथे घेतलेला निर्णय समतोल विचाराचा नमुना म्हणून जपून ठेवण्याजोगा आहे. जो सर्जनची चूक दुरुस्त करतो तो सामान्य माणूस नव्हे. सबब त्याचे 'समजले' ग्राह्य धरता येत नाही. तो गेली तीन वर्षेही सामान्य नव्हता. सबब त्याचे 'समजले नाही' हे तज्ज्ञाचे मत ठरते, आणि प्रस्ताव तज्ज्ञांनाही समजत नाही याची गंभीर नोंद घ्यावी लागते. मात्र काकांचा तज्ज्ञ म्हणून उदय आजच झालेला असल्याने ते पुढची सात वर्षे उदयोन्मुख राहतील, आणि स्वतः अर्ज करायला त्यांना कसलीही आडकाठी नाही. (काका जाताना एक कोरा अर्ज घेऊन गेले. जिन्यात त्यांनी बाईंना गाठून विचारले, "ते नववं कलम कसं भरायचं हो?")

तरीही निधी म्हणजे काही दगड नव्हे. बाईंची फाईल सहानुभूतीने महिनाअखेरपर्यंत उघडी ठेवली आहे. तोवर नवा सामान्य माणूस मिळाला आणि त्याने 'समजले' म्हटले, तर निधी मंजूर. नंतर बाई उदयोन्मुख राहणार नाहीत. दोन दिवसांच्या मोकळिकीचा दाखला इस्पितळाने आताच परत मागितला आहे, आणि कपाटात दिव्यापुरती जागाही केली आहे. कंडक्टरबाईची दुसरी शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे.

जाहिरातीचा अनुभव गाठीशी असल्याने निधीने या वेळी जाहिरात दिली नाही. एका उपसमितीने सुचवले, की सगळी हकीकत गोष्टीसारखी लिहून छापावी. जो ती शेवटपर्यंत वाचेल, मधे दोन-तीनदा हसेल, आणि कुणालाही काही विचारायला जाणार नाही, तोच आपला माणूस. त्याप्रमाणे ही छापली, आपण ती इथवर वाचली, आणि कळविण्यास आनंद होतो की सामान्य माणूस म्हणून आपली नेमणूक झालेली आहे. बाईंचे म्हणणे आपल्याला समजले, हे निधीला ठाऊक आहे. त्याची काळजी नसावी. महिनाअखेरपर्यंत आपल्याकडून काही कळले नाही तर 'समजले नाही' असे धरण्यात येईल. आपण काहीच करायचे नाही, नेहमीप्रमाणे पान उलटावे.