दमानं गाणारी पोरं

आमच्या कळंबच्या रघुनाथतात्यांच्या दारात पापडांशेजारी टेपरेकॉर्डरचे सेल वाळत असत. उन्हात ठेवले की सेलांत पुन्हा थोडी धुगधुगी येते, हे तेव्हा घरोघरी ठाऊक होतं. पण तात्या दुसऱ्यांनी फेकलेले सेलही गोळा करून वाळवत. आणि एवढा खटाटोप भजनासाठी नव्हे, तर एका विलायती रॉक बँडसाठी!

तात्या कारखान्यात फिटर. इंग्रजीशी संबंध पान्यावरच्या आकड्यांपुरता. बँडची पहिली कॅसेट लेकीनं, सुनीतानं, बारामतीच्या कॉलेजातून आणलेली. सुट्टीला बापलेक उसाला पाणी द्यायला जात, टेप बाभळीला टांगत आणि ऐकत बसत.

"ढोलवाला गडी एकटा दोन बैलांचं काम करतोय," तात्या मला कौतुकानं सांगत. "आन् गाणारा बघा, कसा दमानं गातोय. घाई म्हणून न्हाय."

गाणारा चांगला सुसाट गात असणार, मरतुकडे होते ते सेल. मी हे एकदा सांगून पाहिलं.

"सर, तुमी भूगोल शिकवा," तात्या म्हणाले.

पुढे सुनीताला पुण्यात नोकरी लागली. तिनं त्याच बँडची नवी कॅसेट पाठवली आणि बरोबर नवेकोरे सेल. तात्यांनी मला अगत्यानं ऐकायला बोलावलं. बटण दाबलं आणि ते दचकलेच.

"आरं, ह्यांच्या मागं काय कुत्रं लागलंय?"

मी पुन्हा सेलांचं शास्त्र सांगितलं. त्यांनी पुन्हा भूगोलाची आठवण करून दिली. तरी दुसऱ्या दिवशी गुपचूप जुने सेल घातलेच. आमची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. आठवडाभर तीच कॅसेट चालू होती. पोरं पुन्हा दमानं गाऊ लागली, पण तात्यांचा चेहरा काही खुलेना.

"कुटंतरी चुकतंय, सर. आयतवारी सुनी इचारणार, कशी हाय म्हणून. एवढ्या हौसेनं धाडलीया तिनं. काय सांगू? ह्या पोरांबाबत तिच्यासंगं कदी खोटं बोललो न्हाय मी."

रविवारी आम्ही एसटीडी बूथवर गेलो. बूथचं दार नीट लागत नसे, मी बाहेरच उभा होतो.

"कॅसेट व्हय?" तात्या थांबले. "आजून ऐकलीच न्हाय गं. वरचा कागदबी काढला न्हाय. तू ये की. दोघं मिळून ऐकू. एकट्यानं काय ऐकायची?"

आणि आठवडाभर मी या माणसाला सेलांचं शास्त्र शिकवत होतो!

तात्या बाही डोळ्यांना लावत बाहेर आले.

"दिवाळीला येतीया," म्हणाले. मग जरा चाचरत, "सर, कॅसेटचा त्यो वरचा कागद परत चिकटवता येतो का ओ?"

"येतो की," मी म्हणालो.