धोटेकाकांची शिडी

गोल बाजाराच्या तोंडाशी मी स्कूटीवरून पडले, तेव्हा सगळ्यात आधी धावत आले ते आमचे शेजारी धोटेकाका. गुडघ्यातून रक्त वाहत होतं.

"काका, वून्ड खोल आहे हो," मी कण्हले.

काका जागीच थबकले. "वून्ड हत्याराची असते. तुले कोनं चाकू मारला काय? पडल्यावर होते ते इन्जुरी. फरक आहे ना बापा."

मी 'इन्जुरी' म्हटलं, तेव्हा कुठे त्यांच्या खिशातून रुमाल निघाला. मी दुखणं विसरून त्यांच्याकडे बघतच राहिले.

काका रेल्वेच्या ऑफिसातले. रिटायर झाल्यावर हे खूळ लागलं, असं आम्ही समजत होतो. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका तेराव्याला मुलगा रडत म्हणाला, बाबा गेले, घर एम्प्टी झालं. काका म्हणाले, "एम्प्टी डबा असते. घर व्हेकंट." वाढणाऱ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काकांनी टोकलं तरी भाजीवाली तेवढी "हव बाबूजी" म्हणत मेथी तोलत राहते.

गेल्या आठवड्यात मी विचारलं, "काका, शिडी बॉरो करता का मला?" त्यांनी शिडीचं एक टोक घट्ट धरलं. "घेनारी बॉरो करते, देनारा लेंड. बोल." बोलेपर्यंत सोडली नाही.

काल ती परत करायला गेले. दार उघडं होतं. आत पलंगावर कुसुमकाकू, त्यांची बायको. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून बोलणंच गेलं. काका उशाशी बसून सांगत होते, "कुसुम, बाजूच्या पोट्टीले मी शिडी बॉरो केली."

मी दारातच थांबले. माझ्याकडून एवढं घोकून घेतलं, आणि स्वतः? शिडी तिथेच आपटावीशी वाटली.

"बॉरो केली," काका पुन्हा ठासून म्हणाले.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, बराच वेळ नुसतेच हलले. मग आवाज आला. "ले... लेंड."

काका डोळे पुसत बाहेर आले, तेव्हा मी दिसले. ओशाळून म्हणाले, "गोड बोललो तं भिंतीकडे तोंड करते. चूक केली की मात्र राहवत नाही तिले. पन माह्या चुका संपल्या आता. म्हणून तुमच्या गोळा करून राहिलो."

आम्ही या माणसाला किती हसलो होतो. शिडी भिंतीला टेकवून मी आत गेले आणि खपली धरलेला गुडघा काकूंना दाखवला.

"काकू, बघा ना, केवढी वून्ड झाली."

तीच आठी. ओठ थरथरले आणि थांबले. दाराशी काका श्वास रोखून उभे होते.

"अजून एकदा म्हण बापा," ते हळूच म्हणाले. "चूकच म्हण."