सारी-कोलची स्वतंत्र प्रजाती

नारिनच्या डोंगरांतल्या सारी-कोल तळ्यातला मारिंका मासा ज्या प्रजातीत मोडत होता, ती प्रजाती मुळात अस्तित्वातच नाही, असे राजधानीतल्या वर्गीकरण समितीने ठरवले. माशांना याची कल्पना नव्हती. असानकुल दुशेबायेवला मात्र दरदरून घाम फुटला, कारण तो त्या प्रजातीच्या संरक्षण विभागाचा प्रमुख होता. मासे शेजारच्या प्रजातीत गेले, की त्यालाही शेजारच्या विभागात तुर्गुनबेकच्या हाताखाली जावे लागणार होते.

त्याने रीतसर हरकत घेतली. समितीने पुरावा मागितला. मारिंकासारख्या कार्प कुलातल्या माशांची ओळख घशातल्या दातांवरून पटते आणि ते दात मासा चिरल्याशिवाय हाती येत नाहीत. तेव्हा संरक्षण विभागाने तळ्यात जाळी टाकली.

दात समितीकडे जात, उरलेला मासा असानकुलच्या घरी. त्याची बायको सायकाल विषारी गाभोळी आणि पोटातला काळा पापुद्रा काढून टाकी, मासे तळून आळीत वाटे. शेजाऱ्यांना विज्ञानाची गोडी लागली. नमुने अपुरे आहेत, असे समिती कळवत राहिली आणि विभाग अधिकाधिक बारीक विणीची जाळी आणत राहिला.

एके दिवशी थाळीत बोटाएवढी पिल्ले आली.

"अहो, ही तर तान्ही आहेत," सायकाल म्हणाली. "यांचे कसले दात बघता?"

"दात नसणं हेही वेगळेपणच."

"आणि तळं रिकामं झालं म्हणजे?"

"अगं, तळ्याचं सोड. विभागच गेला, तर या माशांना वाली कोण?"

सायकाल जेवली नाही. असानकुलच्याही घशाखाली घास उतरेना. मग त्याला तुर्गुनबेक आठवला आणि उतरला.

अखेर स्वतंत्र प्रजाती मंजूर झाली. सोहळ्याला आलेल्या समितीने त्याच माशाची फर्माईश केली. जाळी दिवसभर फिरून रिकामी परतली, म्हणून असानकुलने बाजारातून गोठवलेला समुद्री मासा आणवला.

"वेगळेपण चवीतही जाणवतं हो, दुशेबायेव," अध्यक्ष बोटे चाटत म्हणाले. सदस्यांनी माना डोलावल्या. सायकाल तेवढी उठून बाहेर गेली.

असानकुल कायम झाला. तपासायला मासाच न उरल्याने त्याच्या प्रजातीला आता कोणी आव्हान देऊ शकत नाही. तळ्यात काय उरले, हे समितीने विचारले नाही. वाचकहो, आपणही विचारले नाहीत. बाजारातला तो मासा कोणत्या जातीचा होता, एवढेच आपल्या ओठांवर आले.