दुसऱ्याचं भांडण

आमच्या आळीत भांडण झालं की दोघांनीही बापू तांबटांच्या ओट्यावर यायचं आणि एकमेकांचं भांडण भांडायचं. बापूंचा नियमच तो. आधी समोरच्याची बाजू मांडा, ती अशी की त्यानं स्वतः "बरोबर" म्हटलं पाहिजे. तोवर आपलं गाऱ्हाणं पोटात.

नळावरून जुंपलेल्या गोदूकाकू आणि सखूबाई आल्या तेव्हा मी तिथंच होतो. गोदूकाकू सखूबाईंच्या वतीनं कडाडल्या, "मी पहाटेपासून उभी, आणि ही भवानी मधेच घागर घुसवते!"

"भवानी नाही, टवळी म्हणाले होते मी," सखूबाईंनी दुरुस्त केलं.

"मग टवळी म्हणा. नीट भांडा," बापू शांतपणे म्हणाले.

दोघी हसत घरी गेल्या. मला ही पद्धत वेळखाऊ वाटे. पण भांडणं मिटत, हे खरं.

मिटेना ते बापूंचं स्वतःचं. समोर उस्मानमियाँ कल्हईवाल्याचं दुकान. बापूंनी भांडी घडवायची, उस्माननं कल्हई करायची, असं तरुणपणापासून चाललेलं. मग एका लग्नात पातेल्यातली आमटी कळकली, कडू होऊन तोंडात धरवेना. कल्हई अर्धवट असतानाच पातेली घाईनं ओढून नेली होती बापूंनीच, हे साऱ्या आळीला ठाऊक. पण भर पंगतीत ते उस्मानवर ओरडले, "कामात चोरी केलीस!" तेव्हापासून बोलणं बंद.

पुढे उस्मानची नजर मंदावली आणि तो कायमचा मालेगावला मुलाकडे निघाला. दाराशी टांगा लागला तसा मी बापूंना दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं. म्हटलं, "तुमचाच नियम. करा सुरू."

सुरुवात उस्माननं केली.

"मी बापू. दुकानाला माझ्या बापाचं नाव. पंगत उठली, सगळे माझ्याकडं बघायला लागले. लय घाबरलो. घाबरलेला माणूस जवळच्यावरच ओरडतो. उस्मानपेक्षा जवळचं तिथं कोण होतं?"

"बरोबर," बापू म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले.

आता पाळी बापूंची. उस्मान टांग्याला धरून उभा राहिला. बापू उपरण्यानं डोळेच पुसत राहिले.

"मियाँ, मोटार सुटंल," टांगेवाला म्हणाला.

उस्मान आणखी थोडा थांबला. मग चढून बसला. टांगा गेला.

"अहो, बोलला का नाहीत?" मी चिडलो. "त्याची बाजू ठाऊक नव्हती तुम्हाला?"

"रोज म्हणतो मनातल्या मनात," बापू म्हणाले. "पण त्याच्या तोंडून माझी बाजू ऐकली, आणि इतकं बरं वाटलं हो, की आणखी थोडा वेळ तसंच राहावंसं वाटलं."