पुंडलिकाच्या घोषणेचा मुक्काम

तापाची साथ आली त्या वर्षी पुंडलिक ढोबळेची घोषणा मोर्चा संपल्यावर त्याच्या मागोमाग घरी आली आणि तिथेच राहिली. गावचा रिवाजच होता तसा. घोषणा ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघेल, त्यानंच तिला सांभाळायचं. शेजारच्या वकिलांकडे पाणीटंचाईची एक घोषणा आजही राहते, दळणसुद्धा आणते बिचारी.

पुंडलिकाची मात्र भारी आगाऊ. मास्कच्या सक्तीविरुद्ध त्यानं चौकात आरोळी ठोकली होती, ‘माझं तोंड!’ आणि गर्दीतून पहिलं उत्तर आलं होतं थोरल्या भावाचं, नानांचं, ‘माझी मर्जी!’ नानांची छाती मुळातच अधू. पण धाकट्याची हाक अर्धवट राहायला नको, म्हणून प्रत्येक मोर्चात पहिला आवाज त्यांचाच. त्या दिवशी त्यासाठी त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला होता.

घोषणा आली ती थेट नानांच्या खाटेवर पाय पसरून बसली. सारखी खोकायची, पण तोंड झाकायचं नाव नाही. झाकेल कशी? शब्दाला जागणारी ना ती! पुंडलिकानं गोडीत सांगून पाहिलं, बाई, निदान नानांजवळ तरी रुमाल धर.

“माझं तोंड,” ती म्हणाली.

“माझी मर्जी,” मोर्चांच्या इतक्या वर्षांच्या सवयीनं पुंडलिक म्हणून गेला. झालं, बोलणंच खुंटलं. रोज हेच चालायचं.

नानांना ताप भरला तेव्हा नगरपालिकेच्या रेवती कुलाल तपासणीला आल्या. ही कोणाची, असं त्यांनी सरळ विचारलं. ज्याची असेल त्यानं त्याच चौकात, तेवढ्याच मोठ्यानं मागे घेतली की ती निघून जाते, हेही सांगितलं. पुंडलिकाच्या डोळ्यांपुढे चौक आला, पानाच्या ठेल्यावर पाठ थोपटणारी माणसं आली.

“गावाकडची पाहुणी आहे,” तो म्हणाला.

नानांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुंडलिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो चौकात गेला नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता म्हणता दारात रुग्णवाहिका आली.

स्ट्रेचर उंबऱ्याबाहेर पडताना तो रडवेला होऊन म्हणाला, आत्ता जातो नाना, आत्ता मागे घेतो. तेवढ्यात मागून घोषणा बोलली.

“माझं तोंड!”

पुंडलिकानं ओठ दातांखाली दाबून धरले. हाक तशीच लोंबकळत राहिली. मग नानांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढला.

“तुझी मर्जी,” ते पुंडलिकाकडे बघून म्हणाले.

नाना परत आले नाहीत. त्यानंतर पुंडलिक चौकात गेला, बराच वेळ उभा राहिला, पण आवाज फुटेना. घोषणा अजून त्याच्याकडेच आहे. नानांच्या खाटेवर झोपते, उशीही तिनं त्यांचीच घेतली आहे. सकाळी उठली की आपला अर्धा भाग म्हणते आणि वाट बघते. पुंडलिक खाली मान घालून दोघांचा चहा ठेवतो.